कापूस ते कापड : सचोटीच्या प्रमाणपत्राचा प्रश्न



यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा होय. उत्तरेकडून व पूर्वेकडून वाहणारी वर्धा, दक्षिणेची पैनगंगा आणि मधून जाणाऱ्या बेंबळा, अडाण, अरुणावती या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीने कित्येक पिढ्या कापूस पिकविला आहे. दिवाळीच्या सुमारास वेचणीला जोर येतो आणि यवतमाळ, वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, आर्णी येथील बाजारांकडे कापसाच्या गाड्यांची रीघ लागते. तेथून रुईच्या गाठी निघतात. त्यांचे सूत होते, सुताचे कापड होते, कापडाचा सदरा होतो आणि तो सदरा कधी मुंबईच्या, तर कधी हॅम्बुर्ग किंवा लंडनच्या दुकानात टांगला जातो.

त्या दुकानातील ग्राहक गेल्या दोन-तीन दशकांपासून एक नवा प्रश्न विचारू लागला आहे. हा कापूस पिकविताना विषारी औषधांचा मारा झाला काय? तो लहान मुलांच्या हातांनी वेचला गेला काय? शेतकऱ्याला योग्य दाम व मजुराला योग्य मजुरी मिळाली काय? या प्रश्नांचे उत्तर म्हणून सदऱ्यावर एक लहानशी पट्टी लावलेली असते. पट्टीमागे एक प्रमाणपत्र असते आणि त्या प्रमाणपत्रामागे कागदपत्रांची एक लांब साखळी असते. ही साखळी कोठे सुरू होते, कोठे कच्ची राहते आणि ती पक्की करण्यात ग्रामपंचायत, शाळा व शासकीय कार्यालये यांचा वाटा कोणता, हा या भाषणाचा विषय आहे.

खुणेचा इतिहास

कापसाच्या सचोटीचा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. भाव चढला तशी भेसळही वाढली. कापसात सरकी, माती व पाणी मिसळल्याच्या तक्रारी इंग्लंडमधील व्यापारी करू लागले. तेव्हा मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तपासनीस नेमले. पुढे १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांविषयीच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले.

या दोन्ही कायद्यांचे लक्ष मालाकडे होते. गाठ कोठे बांधली गेली, एवढे त्या खुणेवरून कळत असे. गाठीतील कापूस कोणाच्या शेतातला, तो कोणी वेचला आणि त्याच्या हाती काय पडले, हे विचारण्याची त्या काळी कोणाला गरज वाटली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अरुंद मार्गाची रेल्वे आली, तीही हा कापूस मुंबई बंदराकडे लवकर पोचावा म्हणून.

स्वातंत्र्यानंतर राज्याने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया व पणनासंबंधीचा अधिनियम केला आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना अमलात आली. सुमारे तीन दशके योजनेच्या खरेदी केंद्रांवर प्रतवारी होऊन कापूस घेतला जात असे. शेतकऱ्याला दामाची हमी मिळावी, हा त्या योजनेचा हेतू. म्हणजे शेतकऱ्याचा विचार धोरणात आला. परंतु शेतापासून कापडापर्यंतचा माग ठेवणे हे त्या योजनेचेही काम नव्हते. हे काम पुढे आले ते परदेशी ग्राहकाच्या मागणीतून.

प्रमाणपत्रांचे प्रकार

आज प्रचलित असलेली प्रमाणपत्रे स्थूलमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिला प्रकार सेंद्रिय कापसाचा. केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने २००० साली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू केला. त्याची व्यवस्था अपेडा ही संस्था पाहते. रासायनिक खते व कीटकनाशके सोडल्यानंतर वार्षिक पिकाच्या जमिनीला किमान दोन वर्षांचा परिवर्तनकाळ पूर्ण करावा लागतो. लहान शेतकऱ्यांना एकेकट्याने तपासणीचा खर्च पेलत नाही, म्हणून गटाने प्रमाणन घेण्याची सोय या कार्यक्रमात आहे. शेतातील कापसापुढील टप्प्यांसाठी, म्हणजे जिनिंगपासून शिलाईपर्यंत, सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक लागू होते. 'गॉट्स' या नावाने ओळखले जाणारे हे मानक २००५ सालचे आहे.

दुसरा प्रकार न्याय्य व्यापाराचा. त्यात शेतकऱ्याला किमान भाव आणि त्याशिवाय गावाच्या सामूहिक कामासाठी काही अधिक रक्कम देण्याचे बंधन खरेदीदारावर असते.

तिसरा प्रकार 'बेटर कॉटन' या उपक्रमाचा. त्याचा पहिला कापूस २०१०-११ च्या हंगामात भारत, पाकिस्तान, ब्राझील व माली या देशांत निघाला. यात रसायनांना सरसकट बंदी नाही. पाणी, खत व औषधे जपून वापरावीत, मजुरांना सन्मानाने वागवावे, असा त्याचा आग्रह आहे. मात्र शेतकऱ्याला वाढीव भावाची हमी हा उपक्रम देत नाही.

तिन्ही प्रकारांचे हेतू चांगले आहेत. अडचणी उभ्या राहतात त्या हेतूकडून कागदाकडे आणि कागदाकडून गाठीकडे जाताना.

गाठीचे गणित

ही अडचण साध्या हिशेबाने समजते. एक क्विंटल कापसातून सुमारे ३३ ते ३४ किलो रुई निघते. बाकी मुख्यतः सरकी. एक गाठ १७० किलोची धरली, तर तिला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. दोन-अडीच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी १५ क्विंटल कापूस आला, तर त्याच्या तीन गाठी होतात. सूतगिरणीला १०० गाठींचा एक लॉट हवा असेल, तर तेवढ्यासाठी अशा तेहतीस-चौतीस घरांचा कापूस एकत्र यावा लागतो.

हा कापूस एकत्र येतो कसा? काही शेतकरी तो स्वतः बाजार समितीत नेतात. पुष्कळांना गाडीभाडे परवडत नाही, किंवा औषध-बियाण्यांची उधारी फेडायची असते, म्हणून ते गावातच खेडा खरेदी करणाऱ्याला कापूस देतात. तेथे एका ढिगाऱ्यात दहा घरांचा कापूस पडतो. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस, शेवटची कवडी, फरदडीचा कापूस, सेंद्रिय म्हणून पिकविलेला आणि औषध मारलेला, हे सारे एकदा एका ढिगात मिसळले, की जगातील कोणताही तपासनीस ते वेगळे करू शकत नाही. पावती तर अनेकदा नसतेच; असलीच तर ती चिठ्ठीवरची असते.

म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था दोन मार्ग अवलंबितात. एक मार्ग म्हणजे प्रमाणित माल शेवटपर्यंत वेगळा ठेवणे. तो खात्रीचा असला तरी खर्चाचा आहे. दुसरा मार्ग वजनाच्या मेळाचा. यात जिनिंगपर्यंत माल वेगळा ठेवतात. पुढे गिरणीत तो इतर मालात मिसळला तरी चालतो. गिरणीने १०० टन प्रमाणित रुई घेतली असेल, तर तेवढ्याच रुईच्या प्रमाणातील मालावर तिला दावा करता येतो. हिशेब जुळतो, परंतु विशिष्ट सदऱ्यात यवतमाळचा तो कापूस आहेच, असे कोणी सांगू शकत नाही. 'बेटर कॉटन'चा व्यवहार बरीच वर्षे या पद्धतीने चालला. प्रत्यक्ष मालाचा माग ठेवण्याची सोय त्या उपक्रमाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केली.

खोट्या कागदाची किंमत

माल प्रत्येक वेळी हात बदलतो तेव्हा सेंद्रिय कापसाच्या व्यवहारात एक व्यवहार-प्रमाणपत्र दिले जाते. अमुक विक्रेत्याने तमुक खरेदीदाराला एवढे वजन दिले, अशी ती नोंद असते. ऑक्टोबर २०२० मध्ये 'गॉट्स' संस्थेने जाहीर केले, की भारतात अशी बनावट प्रमाणपत्रे पद्धतशीरपणे तयार झाली होती. त्यांवरील संकेतचिन्ह तपासले असता अपेडाच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत असे. सुमारे २०,००० टन कापूस या प्रकरणात गुंतला होता. १७० किलोच्या गाठींत मोजले, तर हा आकडा एक लाख १८ हजारांच्या आसपास जातो. ११ कंपन्यांवर संस्थेने बंदी घातली. त्यापुढील जानेवारीत, म्हणजे २०२१ साली, अमेरिकेच्या कृषी खात्याने भारतीय सेंद्रिय प्रमाणनाला दिलेली मान्यता संपुष्टात आणण्याचे जाहीर केले.

या घटनेतील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. बनावट कागद शेतकऱ्याने केला नव्हता. तो त्याला करताही आला नसता. परंतु बाजारातील विश्वास उडाला, तेव्हा त्याची झळ प्रामाणिकपणे सेंद्रिय शेती करणाऱ्यापर्यंत पोचली. ज्याने परिवर्तनकाळात कमी उत्पन्न सोसले, शेणखत जमविले, निंबोळी अर्क केला, त्याचा माल आणि कागदावरचा सेंद्रिय माल यांत खरेदीदाराला फरक करता येईना. खोटा माल स्वस्त असतो. तो बाजारात शिरला, की खऱ्या मालाला त्याच भावाने विकावे लागते.

याला आणखी एक कारण होते. गट-प्रमाणनात प्रमाणपत्र पुष्कळदा गट चालविणाऱ्या कंपनीच्या किंवा संस्थेच्या नावे असे. शेतकऱ्याचे नाव यादीत असे, पण प्रमाणपत्र त्याच्या हाती नसे. त्याने दुसऱ्या खरेदीदाराकडे जावे म्हटले, तर त्याचा कापूस साधा कापूस ठरे. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची आठवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत उत्पादक गटांना कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर गावातील शेतकऱ्यांनी आपला गट आपल्या नावाने उभा करून स्वतःचे दप्तर स्वतः सांभाळले पाहिजे.

बियाण्याची अडचण

सेंद्रिय कापसात जनुकपरिवर्तित बियाण्याला मनाई आहे. भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत कापसाच्या बहुतेक क्षेत्रावर तेच बियाणे पसरले. कृषी केंद्राच्या फळीवर बिगर-बीटी बियाण्याची पिशवी शोधूनही सापडेनाशी झाली. शेजारच्या शेतातून परागकण येतात, जिनिंगमध्ये आदल्या लॉटची सरकी राहून जाते आणि प्रामाणिक शेतकऱ्याचाही नमुना तपासणीत नापास होऊ शकतो. ही तपासणी सरकी व कच्च्या रुईवर करता येते. धुलाई व रंगाई झालेल्या कापडात तो पुरावा उरत नाही. म्हणजे जे पकडायचे ते आरंभीच पकडावे लागते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-७ व एकेए-८ यांसारखे देशी कापसाचे वाण दिले आहेत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. या संस्थांचे बियाणे पेरणीपूर्वी वेळेवर गावात आले, तरच सेंद्रिय प्रमाणपत्राला अर्थ राहील. बियाणे न देता प्रमाणपत्राची अपेक्षा करणे म्हणजे विहीर न खणता पाण्याचा हिशेब मागण्यासारखे आहे.

यादीबाहेरची माणसे

प्रमाणनाच्या दप्तरात शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, उत्पन्न अशी नोंद असते. त्या शेतात फवारणी करणाऱ्या मजुराचे नाव त्यात सहसा नसते. ही उणीव किती महाग पडते, हे २०१७ साली याच जिल्ह्याने पाहिले. त्या हंगामात बोंडअळी व इतर किडींचा प्रादुर्भाव वाढला होता. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच झाली होती. दमट उकाड्यात हातमोजे व मुखपट्टीशिवाय, कधी दोन-तीन औषधे एकत्र करून, फवारणी झाली. जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या व इतर रुग्णालयांत दाखल करावे लागले. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. मृत्यू व विषबाधा झालेल्यांत अनेक जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे होते. त्यांनी फवारलेला कापूसही वेचला गेला, त्याच्याही गाठी झाल्या आणि त्या कोठेतरी कापड होऊन विकल्या गेल्या.

वेचणीचे काम बहुतांशी स्त्रियांचे आहे. त्यांना किलोमागे मजुरी मिळते. पहाटेच्या दवापासून दुपारच्या उन्हापर्यंत कमरेला ओटी बांधून त्या वेचतात. शाळेच्या पटावर नाव असलेली मुलगी दिवाळीनंतर आईबरोबर शेतात दिसते, ही गोष्ट शिक्षकांना ठाऊक आहे. प्रमाणपत्राचा तपासनीस वर्षातून एखाद्या दिवशी येतो; त्या दिवशी ती मुलगी शाळेत असू शकते.

एका दिवसाची तपासणी पुरेशी नसते, याचा कठोर धडा कारखान्यांनीही दिला आहे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील तयार कपड्यांच्या एका कारखान्याला आग लागून २५० हून अधिक कामगार दगावले. कामगारांच्या परिस्थितीविषयीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्या कारखान्याला अवघ्या काही आठवड्यांपूर्वी मिळालेले होते. पुढल्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मरण पावले. त्या इमारतीतील काही कारखान्यांचीही तपासणी झालेली होती. ज्याची तपासणी करावयाची त्याच्याकडूनच शुल्क घेणारा आणि कामगाराशी मोकळेपणी न बोलणारा तपासनीस काय पाहू शकणार, हा प्रश्न तेव्हापासून जगभर विचारला जात आहे.

भार कोणाचा, लाभ कोणाचा

आज या साखळीत पुरावा देण्याचा भार सर्वांत खालच्या पायरीवर आहे. नोंदवही शेतकऱ्याने ठेवावी, उत्पन्नातील घट त्याने सोसावी, मालाची वेगळी साठवण त्याने करावी. पट्टीमुळे वाढणारी किंमत मात्र दुकानाच्या टोकाला पडते. २००६ साली केंद्र शासनाने ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत-योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता, ही गोष्ट विसरता येत नाही. कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या शेतकऱ्याला सचोटीचा पुरावा मागताना त्या पुराव्याचे मोलही त्याला दिले पाहिजे. दिल्लीतून वा परदेशातून नियम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे जितके अगत्याचे, तितकेच गावाने आपला पुरावा आपल्याजवळ ठेवणेही अगत्याचे आहे. ज्याच्याजवळ नोंद आहे, तोच भावाची बोलणी करू शकतो.

केंद्र शासनाने ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, 'कस्तुरी' ही भारतीय कापसाची मुद्रा जाहीर केली. तिच्यात गाठीवरील संकेतचिन्हाने माग ठेवण्याची व्यवस्था आहे. १९२५ च्या खुणेचे हे नवे रूप म्हणता येईल. यंत्र नवे असले तरी त्यात भरली जाणारी पहिली माहिती खरी असेल, तरच पुढचे सारे खरे ठरेल. यंत्र नोंद जपते. ती खरी आहे की खोटी, हे त्याला कळत नाही.

गावाच्या हाती काय आहे

ती पहिली नोंद गावात होते आणि तेथे ग्रामपंचायत, शाळा व शासनाचे कर्मचारी उपस्थित असतात. त्यांना करता येण्याजोग्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत.

पहिली गोष्ट पिकाच्या नोंदीची. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली असून शेतकरी स्वतः सातबाऱ्यावर पिकाची नोंद करू शकतो. ती वेळेत व खरी झाली, तर कोणत्या गटात किती क्षेत्रावर कापूस आहे, हे प्रमाणन संस्थेला कोणाच्या तोंडाकडे न पाहता कळेल. क्षेत्र दोन एकर आणि विक्री चाळीस क्विंटलची, अशी विसंगती तेथल्या तेथे उघडी पडेल.

दुसरी गोष्ट मापाची व पावतीची. गावात कापूस घेणाऱ्याने वजन, भाव व तारीख लिहून सहीची पावती द्यावी, असा आग्रह ग्रामसभेने धरावा. प्रमाणित कापसासाठी गावातील एखादी कोरडी खोली हंगामापुरती राखून ठेवता येईल. खताच्या रिकाम्या पोत्यांऐवजी सुती कापडाच्या ओट्या व पिशव्या वापरल्या, तर प्लॅस्टिकचे धागे रुईत जाणार नाहीत आणि मालाची प्रतही राखली जाईल.

तिसरी गोष्ट यादीची. सेंद्रिय वा अन्य गटातील शेतकऱ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचावी. कोण खरोखर सेंद्रिय शेती करतो, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. कागदावरचे शेतकरी ग्रामसभेत उभे राहू शकत नाहीत.

चौथी गोष्ट फवारणी व वेचणी करणाऱ्यांची. फवारणीचे काम करणाऱ्यांची नोंद, संरक्षक साधने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी यांची सांगड कृषी कर्मचारी व आरोग्यसेवक यांनी मिळून घालावी. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम व गोंड मजुरांपर्यंत ही माहिती त्यांच्या बोलीत गेली पाहिजे. औषधाच्या डब्यावरील बारीक अक्षरे त्यांच्या उपयोगाची नाहीत.

पाचवी गोष्ट शाळेची. वेचणीच्या दिवसांतील पटावरील गैरहजेरी हा बालमजुरीचा सर्वांत खरा पुरावा होय. शिक्षकांनी त्या महिन्यांची उपस्थिती ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. कोणाला पकडून देण्याचा हा हेतू नाही. ज्या घरची मुलगी शेतात जाते, त्या घराची अडचण काय आहे, हे गावाला कळावे म्हणून ही माहिती हवी. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना गाठीचे गणित शिकविले, तर घरातील नोंदवही तेच लिहू लागतील.

राज्याने २०१८ साली सुरू केलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाच्या जैविक शेती मिशनमध्ये शेतकरी गट उभारण्याची व प्रमाणनाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांचे यशही अखेर याच पाच गोष्टींवर ठरेल. तालुक्यातील अधिकाऱ्यांनी गटांची संख्या मोजताना किती गटांचे दप्तर गावात आहे आणि किती शेतकऱ्यांना ते वाचता येते, हेही मोजावे.

परदेशातील कायदे दिवसेंदिवस कडक होत आहेत. सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून विशिष्ट प्रदेशातील कापसाचाही माल अडविणारा कायदा अमेरिकेत जून २०२२ पासून अमलात आला. निराधार पर्यावरणीय दाव्यांना आळा घालणारा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला. ज्यांच्या मालाचा माग शेतापर्यंत लागतो, त्यांना हे कायदे दार उघडून देतील. ज्यांचा लागत नाही, त्यांच्यासाठी ते बंद होईल. यवतमाळच्या कापसाने त्या दाराशी पोचताना आपल्याबरोबर शेतकऱ्याच्या नावाची पावती, फवारणी करणाऱ्याच्या आरोग्याची नोंद आणि वेचणाऱ्या स्त्रीच्या मजुरीचा हिशेब न्यावा. हे तिन्ही कागद गावातच तयार होतात, आणि येत्या वेचणीपूर्वीच्या ग्रामसभेत त्यांचा विषय घेता येईल.